अकरावा प्रश्न

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला अडाणी समजणार नाही. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. वडील सारंगखेड्याकडच्या शेतांत मजुरी करायचे, अजूनही अंगठा लावतात. मी मानसशास्त्र घेऊन एम.ए. केलं, फर्स्ट क्लासमध्ये. बाहेरचं लागणं, नजर, उतारा... यावर माझा कधीच विश्वास नव्हता. उलट भगताकडे नेलेल्या पेशंटला दवाखान्यात आणणं हेच माझं काम आहे. त्या कामाचा मला अभिमान आहे, आणि तो लपवायचं कारण नाही.

तरीही जे घडलं ते घडलं. इथे लिहायला एक कारणही आहे, ते शेवटी कळेल.

मी एका संस्थेत समुपदेशक आहे. नंदुरबारला ऑफिस. आठवड्यातले तीन दिवस पाड्यांवर जायचं आणि घरोघरी एक फॉर्म भरून घ्यायचा. अकरा प्रश्न. झोप कशी आहे, भूक कशी आहे, एकच गोष्ट पुन्हापुन्हा करावीशी वाटते का, वगैरे. अकरावा प्रश्न सगळ्यात अवघड — जीव द्यावासा वाटतो का? हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारायचा असतो, आडून नाही. ट्रेनिंगमध्ये तसं सांगतात. पण खरं सांगू? निम्म्या वेळा मी तो पटकन पुटपुटून ‘नाही’वर टिक करायची. समोर चांगली हसतीखेळती बाई बसलेली असते... काय विचारायचं तिला?

आता माझ्या भावाबद्दल. कारण जीव त्याचा पणाला लागला होता.

रोहिदास माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. दहावीनंतर शाळा सोडून तो टायरच्या कामाला लागला, म्हणून मी शिकू शकले. विसरवाडीला हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान आहे, मागे दोन खोल्या, त्यात तो आणि सरलावहिनी. मागच्या दिवाळीला मी गेले तेव्हा एक ट्रक उभा होता. भाऊने चाक बसवलं, पाना लावून नट कसले. ड्रायव्हर गाडीत चढला तसं भाऊने त्याला हात करून थांबवलं आणि पुन्हा सगळे नट तपासले. मग पुन्हा एकदा. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, “शेठ, नट हैं, मन्नत का धागा नहीं.”

आम्ही सगळे हसलो. वहिनी म्हणाली, “तुम्हना भाऊ दहा येळ देखस, तव्हय सोडस गाडी. भलता चोख शे.”

मीही हसले. वर शहाणपण शिकवलं — “वहिनी, कुलूप लावलं का, गॅस बंद केला का, हे सगळेच दोनदा बघतात. त्याला आजार म्हणत नाहीत.” हे वाक्य मी शिबिरात नेहमी सांगते. त्याच्या पुढचं वाक्यही सांगते — सवय तुम्हाला सोडून देते, आजार सोडत नाही. त्या दिवशी ते पुढचं वाक्य मला आठवलं नाही. भाऊचे हात साबणाने धुऊन धुऊन सोलले होते, तेही मी बघितलं होतं. पंक्चरवाल्याचे हात, असणारच म्हटलं.

होळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. धडगावच्या बाजूला एका पाड्यावर माझी ड्युटी होती. जीप सोडून दीड तास चालायचं. बरोबर तिथली आशा कार्यकर्ती सुमन होती, कारण पाड्यावर पावरी बोलतात आणि मला पावरी येत नाही. मी मराठीत विचारायचं, सुमनने पावरीत सांगायचं, उत्तर मराठीत आणायचं.

शेवटचं घर रुमलीबाईंचं. सत्तरीच्या असतील. लेकीजवळ राहतात, मुलगा नाही. लेक जंगलात गेली होती. आजी अंगणात महू, म्हणजे मोहाची फुलं, वाळत घालत होत्या, एकेक फूल बोटाने सारखं करत. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झालेली. फॉर्मच्या कोपऱ्यात वेळ लिहावी लागते, म्हणून नक्की सांगू शकते.

“आजी, झोप लागते का नीट?” सुमनने विचारलं.

आजींनी मान वर केली नाही. काहीतरी बोलल्या. सुमन म्हणाली, “म्हणतात, पडतो तो, पण झोपत नाही. कानात लोखंड वाजतं.”

“कोण तो? त्यांना सांग, स्वतःचं सांगा.”

सुमनने सांगितलं. आजी ऐकलं न ऐकल्यासारखं करून महू पसरत राहिल्या.

भूक? — “हात काळे आहेत म्हणून भाकरीला लावत नाही. धुतो, परत धुतो. भाकर थंड होते.”

एकच गोष्ट पुन्हापुन्हा? — “चाकाला हात लावतो. परत लावतो. चाक निघून गेलं की त्याच्या मागे पळतो.”

सुमन हसायला लागली. “मॅडम, आमच्या पाड्यावर सायकल पण नाही. चाक कुठून आणलं डोकरीने?”

मी हसले नाही. मला वाटलं, मला कळलंय. लोक स्वतःचं दुःख दुसऱ्याच्या नावावर सांगतात, विशेषतः म्हातारी माणसं. ‘माझी एक मैत्रीण आहे, तिला असं होतं,’ म्हणून येणाऱ्या किती बायका मी बघितल्यात. म्हणून मी आजींच्या बोलण्यातला ‘तो’ काढून टाकला आणि सगळं त्यांच्याच नावावर लिहिलं. रुग्णास झोप नाही. रुग्णास लोखंडाचे आवाज ऐकू येतात. रुग्णास चाकाबद्दल भास. अक्षर सुंदर आहे माझं. लिहिताना मी स्वतःवर खूशही होते. दुसरी कुणी असती तर ‘म्हातारी बरळते’ म्हणून निघून गेली असती, असं मनात आलं होतं.

अकराव्या प्रश्नाला मी थांबले. कसं विचारावं ते ठरवत होते. सुमनशी अजून एक शब्दही बोलले नव्हते... आणि आजी आपणहून बोलायला लागल्या. हळू आवाजात, त्याच चालीत, बोट फुलांवर फिरतंय.

सुमनचं हसू गेलं.

“काय म्हणतात?”

“मॅडम, म्हणतात... निळ्या डब्यात आहे ते. फाटक्या चाकांच्या मागे ठेवलंय. बाजाराच्या दिवशी घर रिकामं झालं की.”

“मी प्रश्न विचारलाच नव्हता ना तुला?”

“नाही.”

ऊन चांगलं तापलेलं, तरी माझ्या हातावर काटा आला. पण मी शिकलेली. आधीच्या दहा प्रश्नांच्या रोखाने पुढचा प्रश्न त्यांना समजला असेल, असं मी स्वतःला समजावलं. फॉर्मवर ‘तातडीचे’ असं लाल पेनने लिहिलं. आम्ही दोघींनी आजींचं घर तपासलं. कुडाच्या भिंती, चार भांडी, धान्याची कणगी, दोन कोंबड्या. निळा डबा नव्हता. बाटलीसुद्धा नव्हती. लेक आल्यावर तिला सांगितलं, आईला एकटं सोडू नका, डॉक्टरची गाडी पुढच्या आठवड्यात येईल. लेकीने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. सुमनने तिचं बोलणं मला सांगितलं — “आईला काही झालेलं नाही. ती आपणहून बोलत नाही. कुणी विचारलं तरच बोलते.”

मी निघाले. एक जीव वाचवला, या समाधानात.

दोन दिवसांनी मी नंदुरबारच्या ऑफिसात बसून फॉर्म कॉम्प्युटरवर चढवत होते. दुपारचा एक वाजला असेल. रुमलीबाईंचा फॉर्म वर आला, तेवढ्यात वहिनीचा फोन. मागे भाजीवाल्यांचा गलका.

“वैशूताई, काम मा शे का?”

“बोल ना वहिनी.”

“काही नही, अशीच करा फोन. काल तुम्हना भाऊ एक ट्रकना मांगे पयना. रोडवर, अनवाणी. नट देखना ऱ्हायना म्हने. लोके हसनात. माले भलती लाज वाटनी.”

मी फॉर्मकडे बघत होते. माझंच सुंदर अक्षर. *चाक निघून गेल्यावर त्यामागे धावतात.*

“पन आज बेस शे,” वहिनी सांगत होती. “सकायलेच आंघोय करी, नवा शर्ट घाला. माले म्हने, तू बाजारले जाय, घाई करू नको. किती दिवसमा असा गोड बोलनात.”

काळे हात. लोखंड. फाटकी चाकं... भाऊच्या दुकानाच्या मागच्या भिंतीला फुटक्या टायरची चळत आहे. लहान मूल उभं राहिलं तर दिसणार नाही एवढी उंच. आणि आज विसरवाडीचा बाजार.

“वहिनी, तू आत्ता घरी जा. सगळं टाकून जा. पळत जा.”

“काय व्हयनं?”

“काही विचारू नको. जा. त्याच्याजवळ बसून राहा. मी येतेय.”

मी भाऊला फोन लावला. रिंग पूर्ण वाजली आणि बंद झाली. परत लावला. नवापूरच्या बसमध्ये चढले, खिडकीशी उभी राहून लावत राहिले. तासाभराचा रस्ता. लोक आपले बसलेत, कुणाच्या पिशवीत कोथिंबीर, कुणी पेंगतंय, कंडक्टर सुट्ट्यांवरून भांडतोय. आणि माझ्या डोक्यात आजीचं बोट एकेक महू सरळ करत होतं. मला भीती त्या आजीची वाटत नव्हती. भीती याची की तिने दोन दिवस आधी मला सगळं सांगितलं होतं, आणि मी ते चुकीच्या नावावर, फाइलमध्ये, व्यवस्थित लावून ठेवलं होतं.

विसरवाडीला उतरले तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वहिनी बाहेर ओट्यावर बसलेली, शटरकडे बघत. तिचा चेहरा पांढरा पडलेला. “मन्हावर खेकसनात. म्हने भायेर बस,” एवढंच म्हणाली.

मी वाकून आत गेले. कॉम्प्रेसर बंद. इतकी वर्षं त्या दुकानात कधी शांतता ऐकली नव्हती. भाऊ एका टायरवर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. मला बघून त्याला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही.

“तू कशी काय उनी? चहा पिशी ना?”

मी उत्तर न देता टायरच्या चळतीमागे हात घातला. जाळी, माती... आणि मग हाताला गार प्लास्टिक लागलं. ओढून काढलं. निळा डबा. फवारणीच्या औषधाचा. सील तसंच होतं.

डबा हातात घेऊन मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. आणि मी अकरावा प्रश्न विचारला. पुटपुटत नाही. आमच्या बोलीत, त्याच्या डोळ्यांत बघून.

“भाऊ, तुले जीव देवानं मनमा येस का?”

तो डब्याकडे बघत म्हणाला, “रोज.”

आणि रडायला लागला. एवढा मोठा माणूस, तोंडात शर्टाची बाही कोंबून रडत होता. श्रावणापासून त्याच्या मनात एकच होतं. त्याने चाक बसवलेली एक गाडी पुढे घाटात उलटली आणि ड्रायव्हर गेला. “मन्हा हातना नट ढिला ऱ्हायना,” एवढंच तो म्हणत राहिला. त्या गाडीचे ब्रेक गेले होते हे हायवेवरच्या सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. पण हा आजार माहितीला जुमानत नाही.

“इतका दिवस का नही सांगं?” मी विचारलं.

“कोनी इचारंच नही,” तो म्हणाला. मग एकदम मान वर करून — “पन तुले कोनी सांगं? मी ते सरलाले बी सांगेल नही.”

“डबा कधी ठेवला तू इथे?”

“परवा. संध्याकायले.”

परवा संध्याकाळी. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. कृषी केंद्रातून चारच्या सुमाराला घेतला, दिवेलागणीला टायरमागे ठेवला. त्याआधी डबा घरात नव्हताच. आणि माझ्या फॉर्मवर त्याच परवाची तारीख आहे. वेळ सकाळी अकरा वीस.

मी तिथेच, भाऊच्या समोर बसलेले असताना, पहिल्यांदा खरी घाबरले. ती म्हातारी कुठेतरी पडलेली वस्तू बघून बोलली नव्हती. अजून ठेवलेलीच नव्हती ती वस्तू.

भाऊला आम्ही त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. गोळ्या चालू आहेत, दर महिन्याला डॉक्टरकडे जातो. अजूनही नट दोनदा बघतो, पण दोनदाच. परवा एका ड्रायव्हरने थट्टा केली तर म्हणाला, “तिसऱ्यांदा बघायचे जादा पैसे पडतील.” वहिनीने मला मुद्दाम फोन करून सांगितलं. आम्ही दोघी फोनवर हसलो.

इथे संपलं असतं तर मी काहीच लिहिलं नसतं. योगायोग म्हणून पुरून टाकलं असतं. मी खूप शोधलं. सुमन कधी विसरवाडीला आली होती का? नाही. आजी? त्या धडगावच्या बाजारापलीकडे गेलेल्या नाहीत. पाड्यावरून गुजरातेत कामाला जाणारे कुणी भाऊच्या दुकानात थांबले असतील, त्यांनी काही बघितलं असेल? असेलही. पण न ठेवलेला डबा कुणी कसा बघेल?

मे महिन्यात मी पुन्हा पाड्यावर गेले. चुकीच्या नावावर लिहिलेला फॉर्म दुरुस्त करायचा होता, हे ऑफिसचं कारण. सुमन यायला तयार नव्हती. “मॅडम, मी अंगणाबाहेर उभी राहून सांगेन,” म्हणाली. आजी मजेत होत्या. डॉक्टर येऊन तपासून गेले होते, काही आजार नाही म्हणाले होते. मला बघून हसल्या, पाणी दिलं. मागचं काही आठवतं का विचारलं, तर नाही म्हणाल्या. मी कोण तेसुद्धा आठवत नव्हतं.

मला वाटलं, आता तरी हिला हिचं विचारावं. आयुष्यात हिला कुणी विचारलं असेल? म्हणून नवा फॉर्म काढला. म्हटलं, “आजी, झोप लागते का?”

त्यांचं हसू थांबलं. नजर खाली गेली. अंगणात या वेळी काही वाळत घातलेलं नव्हतं, तरी बोट मातीवर फिरायला लागलं. एकेक सारखं केल्यासारखं.

“लागते,” सुमन अंगणाबाहेरून सांगत होती. “पण उठल्यावर ती आधी सगळ्यांची तोंडं बघते. मग हसते.”

मी या वेळी काही बदललं नाही. शब्द न् शब्द लिहिला.

बाई आहे. घरात माणसं पुष्कळ आहेत, हसणारी. सगळ्यात जास्त तीच हसवते. कुणी विचारायच्या आत ‘मी बरी आहे’ म्हणते. स्वयंपाकात मीठ विसरते आणि त्यावर स्वतःच विनोद करते. घडी घातलेले कपडे उलगडते, परत घडी घालते. खिडकीला हिरवं कापड आहे, तिथे उभी राहते, बाहेर बघत नाही, कापडाकडे बघते. डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे.

मी ओळखीतल्या सगळ्या बायका आठवून बघितल्या. वहिनी, मावश्या, मैत्रिणी, ऑफिसातल्या. अशी करंगळी कुणाची नाही.

अकरावा प्रश्न मी विचारला नाही. पेन बंद केलं. तरी आजी बोलल्याच. या वेळी त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. सुमन काही सांगेना. मी दोनदा ओरडून विचारलं, तेव्हा तिने तोंड फिरवून सांगितलं —

“अजून काही आणलं नाही. पण जागा बघून ठेवली आहे. पिठाच्या डब्यामागे.”

या गोष्टीला आता काही महिने झाले. मी त्या पाड्यावर परत गेलेले नाही. सुमनने दुसरा पाडा मागून घेतला. मला कुणी म्हणतं, अजून एकदा जाऊन विचार, नाव तरी कळेल. माझी हिंमत होत नाही. तिसऱ्या वेळी उत्तरं ओळखीची निघाली तर?

हे काय आहे, कसं होतं, मला माहीत नाही. माझ्या एम.ए.च्या पुस्तकांत नाही, आणि भगताकडे विचारायला मी जाणार नाही. फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कॉम्प्युटर तो घेत नाही, कारण नावाची जागा रिकामी आहे. साहेब म्हणाले, फाडून टाका. मी फाडला नाही.

म्हणून इथे लिहितेय. हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरात हिरवा पडदा असेल, वाकडी करंगळी असेल, सगळ्यांना हसवणारी एक बाई असेल. पिठाच्या डब्यामागे बघा. काही सापडलं नाही तरी तिच्यासमोर बसा आणि तोंडावर विचारा. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. माझा भाऊ रडला, पण मेला नाही.

आणि नाव कळलं तर मला फक्त एवढं कळवा की तुम्ही विचारलंत. फॉर्मवर मी माझ्या हाताने लिहीन.